खरा ड्रेकॉट कोण

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.
नवी वही. नवा निश्चय. यंदा हा प्रश्न कायमचा निकालात काढायचा.

प्रश्न असा. हेर एड्रियन ड्रेकॉट पडद्यावर आला त्याला जूनमध्ये पन्नास वर्षं होतील. एवढ्या काळात चार नटांनी तो रंगवला. ब्रॉडी, मॉर्ली, फिंच, आणि हल्लीचा तो हॉट्री, जो दर सिनेमात रडतो. यातला खरा ड्रेकॉट कोण? मॉर्ली. मला हे कधीपासून माहीत आहे. जगाला अजून पटलेलं नाही. आमच्या लोस्टॉफ्टच्या ड्रेकॉट मंडळालासुद्धा पटलेलं नाही, आणि त्याचा तर मी बावीस वर्षं अध्यक्ष आहे.

मॉर्लीने एकच सिनेमा केला हे खरं. तो आपटला हेही खरं. पण चौघांत एकट्या मॉर्लीचा हात गोळी झाडताना थरथरतो. माणूस मारताना हात थरथरणारच ना! विल्फ म्हणतो, अरे, तो प्यायलेला होता म्हणून थरथरतोय.

विल्फ म्हणजे विल्फ्रेड हॅडो. माझा मित्र, कट्टर ब्रॉडीवाला. पहिला ड्रेकॉट आम्ही चौदाव्या वर्षी शेजारी बसून पाहिला, चिप्सचा एक पुडा दोघांत. थिएटरच्या पायऱ्या उतरताना जे भांडण लागलं ते अजून चालू आहे. तो गोदीत इलेक्ट्रिशियन होता, मी कौन्सिलच्या वजनमापे खात्यात. त्याच्याकडे आवाज आहे, माझ्याकडे मुद्दे.

काल पबच्या मागच्या खोलीत महिन्याची सभा. सात हजर. विल्फ ब्रॉडीचं गुणगान गाता गाता मध्येच थांबला. फेरीबोटीवरच्या खलनायकाचं नाव आठवेना. आम्ही वाट पाहिली. तो ग्लासाकडे बघत राहिला. मी म्हणालो, मुद्दाच नसला की नाव कुठून येणार रे? कोणी हसलं नाही. बहुधा पटलं सगळ्यांना.

नोंद: पन्नास वर्षांत विल्फ पहिल्यांदा निरुत्तर. वजन साडेतीन किलो कमी करणे.

११ मार्च, मंगळवार. दुपार.
बटाट्याचे वाफे करत होतो तिथे विल्फ आला. हॉस्पिटलात जाऊन आला म्हणे. मी विचारलं, गुडघा? म्हणाला, नाही रे. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला लावलं. कागदावर. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी म्हणालो, मग?

म्हणाला, जमलं नाही, डेस. सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले.

मी म्हणालो, तुझी चित्रकला शाळेतही रडकीच होती. तो हसला. मग बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि म्हणाला, नाव मोठं आहे त्याचं, म्युरिएलने (त्याची बायको) लिहून घेतलंय. म्हटलं तुला आधी सांगावं.

मी तेव्हाच ओळखलं. ७ जूनला ग्रंथालयाच्या हॉलमध्ये पन्नाशीचा जाहीर वादविवाद ठेवायचं मी काल सगळ्यांना कळवलंय. गडी आत्तापासून पळवाट शोधतोय. मी सरळ सांगितलं, तारीख बदलणार नाही. तो म्हणाला, बदलू नकोस. उलट लवकर घे जमलं तर.

चला, उत्साह आहे. घरी आल्यावर ग्लेनिसने विचारलं, विल्फ कशाला आला होता? मी म्हणालो, डावपेच. बायकोला यातलं कळत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ९.
कालची सभा. विल्फ नव्या खेळी खेळतोय. दोनदा मॉर्लीला फिंच म्हणाला. म्हणजे तुझा नट इतका फालतू की त्याचं नावसुद्धा मी लक्षात ठेवत नाही, असं सुचवायचं. मी दोन्ही वेळा उभा राहून दुरुस्ती केली. तिसऱ्या वेळी त्याने नावच घेतलं नाही, नुसता हात थरथरवून दाखवला. सगळे हसले. विल्फही हसला, पण हात थोडा उशिरा थांबला.

निघताना हेझलने मला कोटाला धरून बाजूला घेतलं. हेझल ग्रंथालयात काम करते, मंडळाची चिटणीस. म्हणाली, डेस्मंड, जरा सांभाळून घ्या त्यांना. मी म्हणालो, वादात सांभाळून घेणं हा समोरच्याचा अपमान असतो. ती म्हणाली, मी वादाबद्दल बोलत नाहीये.

हेझल हॉट्रीवाली. तिचा आतून ब्रॉडीला पाठिंबा असणार.

वजन: अर्धा किलो जास्त. काटा तपासून घेणे. (माझ्या खात्यात असता तर जप्त केला असता.)

१९ एप्रिल, शनिवार.
विल्फचा फोन, सकाळी. वादविवाद किती तारखेला? सांगितलं. बारा वाजता परत फोन. तोच प्रश्न. सांगितलं. तीनला परत. मी म्हणालो, विल्फ, मला दमवायचा विचार असेल तर सोडून दे, मी दमत नाही. आणि फोन ठेवला. जरा जोरात ठेवला.

चारला म्युरिएलचा फोन. सहसा ती मला फोन करत नाही. म्हणाली, डेस्मंड, त्याला बोलायचंय रे त्या दिवशी. दुसऱ्या कशात त्याचं मन नाही. त्याने सगळं कागदावर लिहून काढलंय. पाहून वाचलं तर चालेल ना?

मी म्हणालो, नियम सात. वक्त्याने कागद वापरू नये.

हा नियम १९९४ साली विल्फनेच आणला. मी पाहून वाचायचो म्हणून. सभेत म्हणाला होता, डेसचं भाषण म्हणजे वजनमापे खात्याची नोटीस. सगळे किती हसले होते. मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. तेव्हापासून सगळं पाठ करतो, रोज तास तास. त्याला कोणी सांगितलं होतं का सांभाळून घ्यायला?

म्युरिएल म्हणाली, तुला माहितेय ना, डेस्मंड?

मी म्हणालो, हो, माहितेय.

काय माहीत आहे ते विचारायचं राहिलं.

१४ मे, बुधवार.
आज महत्त्वाचा पुरावा मिळाला.

दुपारी दाताच्या डॉक्टरकडून येताना विल्फ दिसला, बस स्टँडवर. बोचरा वारा, आणि हा शर्टावर. मी गाडी थांबवली. कुठे निघालास? म्हणाला, पिक्चरला. कुठल्या? तर त्याने आमच्या जुन्या थिएटरचं नाव घेतलं. ते पाडून तिथे गालिच्यांचं दुकान झालं, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. मी म्हणालो, बस गाडीत, येड्या.

माझा कोट दिला. हीटर लावला. आणि वाटेत काय बोलला! ब्रॉडीचा पहिला प्रवेश. फेरीबोटीचा डेक, वारा, ब्रॉडी काडी ओढतो, विझते. दुसरी ओढतो, विझते. तिसरी ओढतच नाही, सिगारेट परत खिशात ठेवतो आणि समोरच्या बाईला म्हणतो, जाऊ दे, घाई नाही. विल्फने ते सगळं करून दाखवलं. दोन्ही काड्या. वाऱ्याचा आवाजसुद्धा तोंडाने काढला. म्हणाला, डेस, तुझा मॉर्ली माणूस मारताना घाबरतो. ब्रॉडी काडी विझल्यावर हसतो. मरायला आणि मारायला कोणीही घाबरेल रे. हसायला दम लागतो.

सिग्नलला मी दोन वेळा हिरवा चुकवला. मागचा हॉर्न वाजवत होता.

तात्पर्य: गडी ठणठणीत आहे. ज्याला पन्नास वर्षांपूर्वीची काडी आठवते त्याला काही झालेलं नाही. मग कसलं सांभाळून घ्यायचं? त्याच्या घरी पोचलो तर म्युरिएल दारातच उभी होती, गाडीच्या किल्ल्या हातात, चेहरा पांढरा. थँक्यू म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली. माझा कोट तसाच त्याच्या अंगावर. मागायला बरं वाटलं नाही.

६ जून, शुक्रवार.
डिनर जॅकेटचं बटण लागत नाही. वर्षभर कपाटात राहून आटलं. ग्लेनिस म्हणाली, कापड आटत नाही, डेस्मंड. उघडं ठेवूनच बोलणार. मॉर्लीही उघडंच ठेवतो, शेवटच्या रिळात.

चौदा मुद्दे. एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. आरशासमोर चार वेळा. एकदाही अडखळलो नाही.

रात्री जेवताना ग्लेनिस म्हणाली, उद्या त्याला जिंकू दे. मी म्हणालो, असं कसं जिंकू द्यायचं? ती म्हणाली, तोंड बंद ठेवून.

स्वतःच्या घरात हे.

७ जून, शनिवार. संध्याकाळी ६.
क्रमाने लिहितो.

तीन वाजता हॉल. चोवीस जण. आमच्या मानाने तुफान गर्दी. आजच्यापुरती अध्यक्षस्थानी हेझल. स्थानिक पेपरचा माणूस आला, फोटो काढला, चहा घेतला, गेला.

विल्फ आधी बोलला. केस नीट विंचरलेले, टाय. पहिली दोन मिनिटं जुना विल्फ. म्हणाला, मंडळी, पन्नास वर्षांपूर्वी मी आणि डेस पॅजेट एक चिप्सचा पुडा घेऊन आत गेलो, आणि बाहेर आलो तेव्हा मला ड्रेकॉट व्हायचं होतं आणि डेसला ड्रेकॉटचं ऑडिट करायचं होतं. हॉल हसला. मीही थोडा हसलो.

मग थांबला.

बराच वेळ. पहिल्या रांगेत म्युरिएल ओठ हलवत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. घडी उलगडताना हात नीट चालत नव्हते.

मी उभा राहिलो. का ते आत्ता नक्की सांगता येत नाही. चौदा मुद्दे तोंडाशी आले होते. मी म्हणालो, अध्यक्षबाई, नियम सात.

हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, अरे देवा.

विल्फ माझ्याकडे बघत म्हणाला, बरोबर आहे. डेस बरोबर बोलतोय. नियम माझाच आहे. आणि कागद परत खिशात ठेवला. मग पुन्हा सुरुवात केली. मंडळी, पन्नास वर्षांपूर्वी मी आणि डेस पॅजेट एक चिप्सचा पुडा घेऊन आत गेलो. शब्दन् शब्द तेच. ऑडिटपाशी येऊन हसू यायची वाट पाहिली. दोघं तिघं हसले. मग थांबला. मग परत, मंडळी, पन्नास वर्षांपूर्वी.

तिसऱ्यांदा सगळेच्या सगळे हसले. मोठ्याने. म्युरिएलसुद्धा. तो खूश होऊन खाली बसला.

मग मी बोललो. चौदाच्या चौदा मुद्दे, एकही अडखळ नाही. टाळ्या बेताच्या.

मतदान चिठ्ठ्यांनी. ब्रॉडी एकवीस. हॉट्री दोन. फिंच शून्य. मॉर्ली एक. ते एक मत कोणाचं याचा शोध घेण्यात अर्थ नाही. ग्लेनिसचं नव्हतं, तिने स्वतःच सांगितलं.

पण लिहायचं ते पुढचं. आकडे वाचून झाले, खुर्च्या सरकल्या, आणि विल्फ हात पुढे करून माझ्याकडे आला. म्हणाला, जिंकलास रे, डेस. इतकी वर्षं लागली, पण जिंकलास लेका. डोळे ओले होते त्याचे. हात गरम. मागे म्युरिएल उभी होती, मी काय बोलतो ते ऐकत.

मी थँक्यू म्हणालो.

८ जून, रविवार.
ग्लेनिस बोलत नाही. तिने मला एकट्याला टोस्ट दिला आणि स्वतःचा बाहेर बागेत जाऊन खाल्ला.

शांत डोक्याने विचार केला. ती एकवीस मतं ब्रॉडीला नव्हती, दयेची होती. म्हणजे वैध नव्हेत. दया वगळली तर मॉर्ली हॉट्रीपेक्षा एकाच मताने मागे. ही बाजू कोणी तरी मांडायला हवी. पेपरला पत्र लिहिणार.

१२ जून, गुरुवार.
पत्रासाठी तारखा हव्या होत्या म्हणून ही वही मागे चाळली. ११ मार्चपाशी थांबलो.

म्हटलं तुला आधी सांगावं.

माझंच अक्षर. म्हणजे मी ऐकलं होतं. ऐकल्याशिवाय लिहिणार कसं? त्या दिवशी वारा होता, बटाट्याची घाई होती. माणसाला प्रत्येक गोष्ट लगेच कळतेच असं नाही. आणि त्यानेही नीट सांगायला हवं होतं, बादलीवर बसून नाही.

पत्र पाठवलं नाही. शब्दमर्यादा फार कमी आहे त्यांची.

४ जुलै, शुक्रवार.
कालच्या सभेला चौघं. अध्यक्षपद मी आपण होऊन सोडलं, हेझलने सुचवल्यानंतर. प्रकृतीच्या कारणास्तव असं इतिवृत्तात लिहायला सांगितलं. हेझलने विचारलं, कोणाच्या?

निश्चय: उद्या विल्फकडे जायचं आणि सरळ सांगायचं. तू जिंकलास. एकवीस विरुद्ध एक. मी त्या दिवशी गप्प बसलो. पाच मिनिटांचं काम.

५ जुलै. पाऊस.

९ जुलै. बूट दुरुस्तीला दिलेत.

१५ जुलै. त्यांच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. दोन चकरा मारल्या.

२२ जुलै, मंगळवार.
गेलो. दारापर्यंत. खिडकीतून दोघं दिसली. म्युरिएल त्याला सूप भरवत होती आणि तो तोंड फिरवत होता. तिने चमचा खाली ठेवला, कपाळ टेबलाला टेकलं. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

अशा वेळी बेल वाजवणं बरं नाही. परत आलो. ग्लेनिसला म्हणालो, घरी नव्हते.

११ ऑगस्ट, सोमवार.
विल्फला शनिवारी वृद्धांच्या होममध्ये ठेवलं. ग्लेनिस सामान हलवायला गेली होती, तिने सांगितलं. जुलैत दोनदा तो पहाटे बंदरावर सापडला म्हणे. म्युरिएलला एकटीला झेपत नव्हतं. मी म्हणालो, मला का नाही सांगितलं कोणी?

या आठवड्यात नक्की जायचं.

२ सप्टेंबर, मंगळवार.
नक्की म्हणजे उद्या.

४ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी साडेपाच.
गेलो. दुपारी दोनला.

मोठी खोली, कडेने खुर्च्या, टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम. विल्फ खिडकीपाशी. बारीक झालाय. दुसऱ्या कोणाचा तरी स्वेटर घातलेला. एका मुलीने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि मोठ्याने म्हणाली, विल्फ, बघा कोण आलंय!

त्याने पाहिलं. उठायचा प्रयत्न केला, पाहुण्यासाठी उठतात तसा. म्हणाला, या, बसा ना.

मी बसलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं. म्हणालो, विल्फ, ७ जूनचा निकाल चुकीचा कळला तुला. तू जिंकलास. एकवीस मतांनी. मला एक पडलं, तेही माझंच. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, मी जिंकलो?

हो.

वा! छान झालं. काय होतं, शर्यत?

मी म्हणालो, वादविवाद. ड्रेकॉट. ब्रॉडी. तो मान हलवत राहिला, परक्या गावाची नावं ऐकावीत तसा. मग मी फेरीबोट सांगितली. वारा, पहिली काडी, दुसरी काडी. हाताने करून दाखवलं. मला नीट जमलं नाही. शेजारच्या म्हातारीने आमच्याकडे पाहिलं. विल्फ म्हणाला, अरे वा, सिनेमा आवडतो वाटतं तुम्हाला.

मग काहीतरी आठवल्यासारखा पुढे झुकला. विचारलं, आणि हरलं कोण?

मी म्हणालो, मी.

त्याचा चेहरा पडला. खरंच वाईट वाटलं त्याला. माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, मनाला लावून घेऊ नका हो. तुम्ही चांगलंच बोलला असणार. होतं असं कधी कधी. लोकांना कळत नाही.

मग त्याने आपल्या बशीतलं बिस्कीट माझ्याकडे सरकवलं, आणि मी ते खाईपर्यंत हात मनगटावर तसाच ठेवला. पन्नास वर्षं मला अरे, लेका, गाढवा म्हणणारा माणूस. आज तासभर अहो-जाहो.

तीनला चहा आला. तो टीव्हीकडे वळला. मी निघालो म्हटलं तर म्हणाला, या हं पुन्हा.

घरी आलो. ग्लेनिस सिंकपाशी होती. वळली नाही. विचारलं, ओळखलं का त्याने?

मी म्हणालो, हो.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर चहा ठेवला.